मुक्त की मुफ्त?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आपल्याकडे दिवसांना तोटा नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयचं पान उलटलं, की एकेका चौकोनात दोन-दोन, तीन-तीन दिवस दाटीवाटीनं बसलेले दिसतात. एकादशी, उरूस, जयंती, पुण्यतिथी. पण सप्टेंबर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी जगभर एक दिवस साजरा होतो, तो काही मला त्या चौकोनात कधी सापडला नाही. त्याचं नाव सॉफ्टवेअर स्वातंत्र्य दिन. २००४ साली तो सुरू झाला. आज मी या दिवसाविषयी बोलणार आहे.

तुम्ही म्हणाल, मराठीत कविता करणारा, बी. ए. झालेला, जुन्या नाशकात राहणारा हा माणूस. याचा संगणकाशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे. माझा संबंध आला तो एका फ्लॉपीमुळे.

१९९८ साली माझा पहिला कवितासंग्रह निघाला. एकूण चौतीस कविता मी गावातल्या एका डीटीपीवाल्याकडे टाइप करून घेतल्या होत्या. संग्रहात घेतल्या एकतीस. उरलेल्या तीन माझ्या अब्बांवर होत्या. अब्बा तेव्हा हयात होते, आणि बापावरची कविता बापाच्या डोळ्यांसमोर छापायची मला लाज वाटली. अब्बा बुकबाइंडर होते. शाळांची हजेरीपुस्तकं, दुकानदारांच्या चोपड्या, वाचनालयांची फाटकी पुस्तकं त्यांच्याकडे बांधणीला येत. त्या तीन कवितांत त्यांची सुई होती, खळीचा वास होता, बोटांवरच्या भेगा होत्या.

२००४ साली अब्बा गेले. मग मला त्या कविता आठवल्या. वही घराच्या दुरुस्तीत कुठे गेली ते कळलं नाही. डीटीपीचं दुकान कधीच बंद झालं होतं. उरली होती ती फ्लॉपी. २००६ मध्ये माझ्या बहिणीच्या मुलानं नवा संगणक घेतला, तेव्हा ती घेऊन मी त्याच्याकडे गेलो. फाइल उघडली. पण पडद्यावर मराठीचा पत्ता नाही. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, डॉलरच्या खुणा असा सगळा खिमा. भाचा म्हणाला, "मामू, तुमच्या कविता आत आहेत, पण त्या ज्या फॉन्टमध्ये लिहिल्या तो फॉन्ट आपल्याकडे नाही. कविता तुमच्या, कुलूप दुसऱ्याचं."

हे वाक्य मला लागलं. कागदावर लिहिलेलं वाळवी खाते, पावसात भिजतं, हे मला ठाऊक होतं. पण लिहिलेलं शाबूत आहे, समोर आहे आणि लिहिणाऱ्यालाच ते वाचता येत नाही, हा अनुभव नवा होता.

भाचा तेव्हा अभियांत्रिकीला होता. त्याच्या टोळक्यातला एक जण पुण्याला सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत त्या काळी दर फेब्रुवारीत भरणाऱ्या 'ग्नूनिफाय' नावाच्या मेळाव्याला जाऊन आला होता. त्यानं तिथून एक इतिहास आणला होता. तो मी त्या मुलांच्या तोंडून ऐकला, आणि मला तो अब्बांच्या दुकानातलाच वाटला.

गोष्ट १९८० च्या सुमाराची. अमेरिकेत एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा एक तरुण काम करत होता. तिथं छपाईचं एक यंत्र होतं आणि त्यात कागद अडकायचा. आधीच्या यंत्राचा प्रोग्रॅम स्टॉलमनच्या हाताशी होता, म्हणून त्यानं त्यात एक सोय करून टाकली होती. कागद अडकला की छपाईची वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप जायचा. कुणीतरी उठून कागद सोडवायचा. पुढे झेरॉक्स कंपनीचं नवं यंत्र आलं. त्यातही कागद अडके. पण त्याच्या प्रोग्रॅमची मूळ संहिता, ज्याला सोर्स कोड म्हणतात, ती कंपनीनं दिली नव्हती. दुसऱ्या एका विद्यापीठातल्या संशोधकाकडे ती होती. स्टॉलमन त्याच्याकडे गेला, तेव्हा तो म्हणाला, कुणाला देणार नाही असा शब्द मी दिला आहे. दुरुस्त करता येण्याजोगी गोष्ट समोर असताना तिला हात लावता येऊ नये, हे स्टॉलमनला सहन झालं नाही.

अब्बा म्हणायचे, शिलाई उसवल्याशिवाय पुस्तक दुरुस्त होत नाही. बाइंडर आधी पुठ्ठा सोडवतो, जुज म्हणजे घड्या घातलेले कागदांचे गठ्ठे वेगळे करतो, फाटलेल्या पानाला पातळ कागद लावतो आणि मग पुन्हा शिवतो. जे पुस्तक उसवताच येत नाही, ते एकदा फाटलं की फाटलं. सॉफ्टवेअरचंही हेच आहे, हे मला तिथं कळलं.

२७ सप्टेंबर १९८३ रोजी स्टॉलमननं 'ग्नू' नावाच्या प्रकल्पाची घोषणा केली. संगणक चालवायला लागणारी सगळी व्यवस्था नव्यानं लिहायची, आणि ती सर्वांसाठी खुली ठेवायची. १९८५ मध्ये त्यासाठी 'फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन' ही संस्था निघाली. तिनं मांडलेली स्वातंत्र्यं चार. प्रोग्रॅम हव्या त्या कामासाठी वापरायचं. तो उघडून पाहायचं आणि बदलायचं. त्याची प्रत शेजाऱ्याला द्यायची. आणि आपण सुधारलेली प्रतही इतरांना द्यायची. १९८९ मध्ये याला कायद्याचं रूप देणारा परवाना आला. तो सांगतो, की तुम्हाला मिळालेला हक्क पुढच्याला नाकारायचा नाही. आमच्याकडे कुणी विहीर वक्फ केली, तर देणाऱ्याला ती परत घेता येत नाही आणि पाणी पिणाऱ्याला तिच्याभोवती भिंत घालता येत नाही. हा परवाना साधारण तसाच. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं 'लिनक्स' हा व्यवस्थेचा गाभा लिहिला, पुढच्याच वर्षी तो याच परवान्याखाली आणला आणि चित्र पुरं झालं.

मग प्रश्न आला, हे लोकांना सांगायचं कसं? या चळवळीकडे जाहिरातीचा पैसा नव्हता. म्हणून २८ ऑगस्ट २००४ रोजी पहिला सॉफ्टवेअर स्वातंत्र्य दिन झाला. सत्तरच्या आसपास गटांनी आपापल्या गावात जमेल तसा तो साजरा केला. २००६ पासून सप्टेंबरचा तिसरा शनिवार ठरला. याची रीत साधी. वरून कुणी कार्यक्रम देत नाही. तुमच्या गावात, तुमच्या भाषेत, तुम्हाला सुचेल तसं तुम्हीच करायचं.

भाचा म्हणाला, "मामू, आपणही करू."

२००७ च्या जुलैत पहिली बैठक अब्बांच्या बंद दुकानात झाली. किल्ली माझ्याकडेच होती. सहा मुलं, दोन मुली आणि मी. बसायला कागदाची रिमं. मी आयुष्यात कविसंमेलनं पुष्कळ केली होती, त्यामुळे सतरंजी, माइक आणि चहा या तीन गोष्टींपलीकडे नियोजन नसतं असा माझा समज होता. तो त्या दोन महिन्यांत गेला.

पहिलं भांडण नावावरून. मुलांनी 'मुक्त सॉफ्टवेअर मेळावा' असं ठरवलं. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाचे स्वतंत्र आणि फुकट असे दोन अर्थ होतात, आणि त्यातला पहिला आपला, हे सांगता सांगता त्या चळवळीतल्या माणसांची उमर गेली. मराठीत ही अडचण नाही. मुक्त वेगळं, फुकट वेगळं. मुलं यावर खूश होती. पण नाशिकच्या कानांचा त्यांनी हिशेब केला नव्हता. आमच्या गल्लीत 'मुक्त' म्हटलं की लोक 'मुफ्त' ऐकत. "मुफ्त में क्या बांट रहे हो?" असं विचारत पोरं मागे लागली. आणि गंगापूर रोडकडे 'मुक्त' म्हटलं की लोक विचारत, "मुक्त विद्यापीठाचा कार्यक्रम आहे का?" १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन होऊन नाशकात आलं, तेव्हापासून या शहरात मुक्त म्हणजे तेच. शेवटी पत्रकावर मी दोन ओळी टाकल्या: "हे मुफ्तही आहे. पण मुद्दा तो नाही. हे मुक्त आहे, हा मुद्दा आहे."

दुसरा पेच तारखेचा. त्या वर्षी सप्टेंबरचा तिसरा शनिवार होता १५ तारखेला. मुलं म्हणाली, जगभर त्याच दिवशी आहे, आपणही त्याच दिवशी करायचं. मी कालनिर्णय खाली उतरवलं आणि त्यांच्यापुढे धरलं. १५ सप्टेंबर २००७ म्हणजे गणेश चतुर्थी. आणि चाँद दिसण्याच्या हिशेबानं रमजानचा पहिला किंवा दुसरा रोजा. म्हणजे अर्धं गाव गणपती आणायला गेलेलं आणि अर्धं गाव इफ्तारीच्या तयारीत. जगाच्या दिवशी आमच्या गावात एकही माणूस मोकळा नव्हता! एक मुलगा हिरमुसला. त्याचं म्हणणं, दिवस बदलला तर आपण जगाबरोबर कसे राहणार? यावर बराच वेळ वाद झाला. मग त्यातलीच एक मुलगी म्हणाली, "जो दिवस आपल्याला बदलता येत नाही, तो स्वातंत्र्य दिन कसला?" तिथं वाद मिटला. ९ सप्टेंबर, रविवार ठरला. गणपतीच्या आधी, रोज्यांच्या आधी.

तिसरा प्रश्न जागेचा, आणि तो सगळ्यांत नाजूक. मुलांना कॉलेजचा हॉल हवा होता. भाचा म्हणाला, तिकडे आपल्या गल्लीतलं कोण येणार? मी आमच्या भागातल्या एका शाळेचा हॉल सुचवला. तेव्हा लक्षात आलं, की आठांपैकी पाच जण शालिमारच्या पुढे जुन्या नाशकात कधी आलेच नव्हते. दोन-तीन घरांतून "तिकडे कशाला?" अशी विचारणा झाली. आमच्या बाजूनंही "ही कोण मुलं? काय विकायला येतात?" अशी झाली. मी त्या दोन-तीन घरी जाऊन चहा पिऊन आलो. एका मुलीची आई म्हणाली, "भाई, तुम्ही स्वतः असाल ना?" मी म्हटलं, "ताई, मी असेन, माझी बहीण असेल, आणि जेवण तिच्याकडेच आहे." त्यावर त्या स्वतःच यायला निघाल्या. सॉफ्टवेअरच्या इतिहासात या चहाची नोंद होणार नाही, पण तो प्यायल्याशिवाय पुढचं काही झालं नसतं.

बाकीच्या गोष्टी तुमच्या माझ्या रोजच्या. भारनियमनाचे दिवस होते. मंडपवाल्यानं सांगितलं, जनरेटर १५ तारखेला मागितला असता तर शिवी दिली असती, पण ९ तारखेला घेऊन जा. संगणक सहा, सगळे घराघरांतून रिक्षानं आणायचे. उबंटू या मुक्त प्रणालीच्या सीडी तेव्हा परदेशातून टपालानं घरपोच येत, तेही विनामूल्य. फक्त कित्येक आठवडे वाट पाहावी लागे. आमच्या आल्या दहा. त्यांच्या प्रती काढायला गल्लीतल्या सायबर कॅफेवाल्याकडे गेलो, तर तो घाबरला. "भाईजान, रेड पडेल." त्याच्या दुकानातली यच्चयावत सॉफ्टवेअर चोरीची होती, परवानगीनं काढलेली कॉपी त्यानं आजवर पाहिलीच नव्हती. त्याला परवान्याचा कागद वाचून दाखवला. त्यानं तो दोनदा वाचायला लावला, मग म्हणाला, "म्हणजे ही कॉपी हलाल आहे!" त्यानं शंभर प्रती काढून दिल्या आणि कोऱ्या सीडींचेच पैसे घेतले.

आणि एक फजिती सांगितलीच पाहिजे. आमचं पत्रक मुलांनी मोठ्या अभिमानानं मुक्त प्रणालीवर, युनिकोडमध्ये टाइप केलं. ते छापखान्यात नेलं, तर तिथल्या पानं लावायच्या सॉफ्टवेअरला ते वाचताच येईना. शेवटी ऑपरेटरनं तेच पत्रक पुन्हा जुन्या कुलूपबंद फॉन्टमध्ये टाइप केलं. अक्षरांच्या मुक्ततेचं पहिलं पत्रक बेडी घालूनच बाहेर पडलं.

९ तारखेला सकाळपासून पावसाची भुरभुर. मुलांनी आधी सहा भाषणं ठरवली होती. नाशिक हे व्याख्यानांचं गाव आहे. गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला आजही माणसं जमतात. पण मी म्हटलं, भाषण एकच ठेवा, अर्ध्या तासाचं. मग प्रत्येक संगणकापाशी एक जण बसवा आणि त्याच्या आजूबाजूला तिघा-चौघांना घ्या. पन्नासेक माणसं आली. निम्मी बहुधा मुफ्त ऐकून आली असावीत, पण लवकर कुणी गेलं नाही.

पडद्यावर सगळं मराठीत दिसत होतं, याचंच लोकांना अप्रूप. 'उघडा', 'साठवा', 'रद्द करा'. फोल्डरला 'संचयिका' म्हटलं होतं, त्यावर हशा पिकला. एक बाई म्हणाल्या, "हा शब्द कुणी काढला? बदलता येईल का?" मुलगा म्हणाला, "येईल. तुम्ही चांगला सुचवा, आपण पाठवू." मला वाटतं, त्या दिवशीचं सगळं भाषण त्या एका उत्तरात आलं. हे मराठीकरण कुणा एका कंपनीच्या कचेरीत झालेलं नव्हतं. इंडलिनक्ससारख्या गटांतल्या स्वयंसेवकांनी नोकऱ्या सांभाळून हे शब्द बसवले होते. १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी सुरू झालेला मराठी विकिपीडियाही अशाच हातांचा आणि अशाच मुक्त सॉफ्टवेअरवर चालणारा.

दुपारी एक वयस्क गृहस्थ आले. शिसाच्या खिळ्यांच्या काळात त्यांनी कंपोझिटर म्हणून आयुष्य काढलं होतं. अब्बांचे जुने सोबती. मी त्यांना माझ्या फ्लॉपीची कहाणी सांगितली. मुलांनी तांत्रिक भाषेत समजावायला सुरुवात केली, तोच ते म्हणाले, "समजलं. केसचे खाने बदललेत."

ज्यांनी खिळ्यांची छपाई पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कंपोझिटरपुढे लाकडी केस असे, तिला शेकडो खाने. कुठल्या खान्यात 'क' आणि कुठल्यात 'म' हे त्याच्या हाताला पाठ असे. तो बघत नसे, हात आपोआप जाई. आता रात्रीतून कुणी खान्यांची अदलाबदल केली, तर तोच हात तीच हालचाल करील आणि छापून येईल भलतंच. संगणकावरच्या जुन्या मराठी फॉन्टांचं हेच होतं. इंग्रजी अक्षरांसाठी केलेल्या खान्यांत प्रत्येक कंपनीनं मराठी अक्षरांचे तुकडे आपापल्या मर्जीनं बसवले. एकाच्या केसमध्ये जिथं 'क', तिथं दुसऱ्याच्या केसमध्ये वेलांटी. फॉन्ट गेला, की खान्यांचा नकाशा गेला.

आपल्याकडे यावर विचार झाला नव्हता असं नाही. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था आली. भारतीय लिप्यांसाठी एक समान संकेत ठरला, 'इस्की' त्याचं नाव; १९९१ मध्ये त्याला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी जगातल्या सर्व लिप्यांना एकाच नकाशात जागा देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती आली, आणि त्यातली देवनागरीची मांडणी 'इस्की'वर आधारलेली होती. म्हणजे 'क'चा खाना जगभर एकच. पण नियम झाला तरी बाजार आपापल्या केसवरच चालत राहिला. माझी फ्लॉपी १९९८ ची, म्हणजे नियम होऊन सात वर्षांनंतरची, तरी ती कुलपातच गेली.

खाने ठरले तरी त्यांत ठेवायला अक्षरं लागतात. इथं एका कवीचं नाव घेतलं पाहिजे. र. कृ. जोशी. सुलेखनकार, जाहिरातक्षेत्रातले मोठे नाव, पवईच्या आयआयटीत शिकवलेले, आणि मराठीतले कवी. विंडोजबरोबर घरोघरी गेलेला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट त्यांच्या हातचा. तो कंपनीच्या मालकीचा. पण मुंबईच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेत असताना त्यांनीच 'रघू' हा फॉन्ट केला, तो मुक्त परवान्याखाली सर्वांना दिला गेला. २००८ मध्ये ते गेले. २००४ मध्ये रेड हॅट कंपनीनं 'लोहित' हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट मुक्त केले. लोहित म्हणजे लाल. लाल टोपीवाल्यांनी नाव बरोबर निवडलं. आमच्या हॉलमधल्या पडद्यावर जी मराठी दिसत होती, ती असल्या मुक्त अक्षरांची होती.

शेवटी प्रश्नोत्तरं झाली. एका निवृत्त गुरुजींनी विचारलं, "सगळ्यांनी कॉपी करायची, सगळ्यांनी बदलायचं, मग मूळ राहील का?" मुलं गोंधळली. गुरुजींनीच पुढे सांगितलं. ज्ञानेश्वरीच्या नकला होत होत तीनशे वर्षं गेली, आणि पाठ बिघडत गेले. तेव्हा एकनाथांनी प्रती जमवल्या, ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत तयार केली. आणि यापुढे कुणी आपल्या पदरची भर घालू नये, असंही बजावलं.

मला तो प्रश्न आजही महत्त्वाचा वाटतो. नकला झाल्या म्हणून बिघाड झाला हे खरं. पण नकला झाल्या म्हणूनच ग्रंथ एकनाथांपर्यंत पोचला, आणि प्रती खुल्या होत्या म्हणूनच त्यांना ताडून पाहता आल्या, हेही तितकंच खरं. मुक्त सॉफ्टवेअरवाले यासाठी प्रत्येक बदलाची नोंद ठेवतात; कुणी, केव्हा, काय बदललं ते दिसतं. बिघाड होत नाही असा त्यांचा दावा नाही. बिघाड कुठे झाला ते सापडतं, एवढाच आहे. गुरुजींचं पूर्ण समाधान झालं नाही. तरी जाताना त्यांनी एक सीडी नेली.

आता फ्लॉपीचं सांगतो. त्या कंपोझिटरचाचांच्या बोलण्यातून मुलांना वाट सापडली. माझ्या एकतीस कविता पुस्तकात छापलेल्या होत्या, आणि त्याच फाइलमध्येही होत्या. पुस्तक एका हाताला, पडद्यावरचा खिमा दुसऱ्या हाताला, असं धरून दोन मुलं आणि कंपोझिटरचाचा दर रविवारी अब्बांच्या दुकानात बसू लागले. कुठल्या खुणेच्या जागी कुठलं अक्षर, याचा तक्ता त्यांनी वहीत केला. 'क' सापडला, काना सापडला. रफार आणि जोडाक्षरांनी फार छळलं. अडीच महिन्यांनी तक्ता पुरा झाला. मग एका मुलानं त्यावरून छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि न छापलेल्या तीन कविता त्यातून काढल्या. दोन कविता पूर्ण आल्या. तिसरीपर्यंत फ्लॉपीच खराब झाली होती. नऊ ओळी आल्या आणि पुढे काही नाही.

माझे अब्बा मला अडीच कवितांत परत मिळाले. मुलानं तो तक्ता आणि तो प्रोग्रॅम इतरांनाही देऊन टाकला. मला विचारलं, "देऊ ना?" मी म्हटलं, "अरे, विचारतोस काय?" पुढे दोघा-तिघांनी त्यावर आपल्या जुन्या फाइली सोडवल्या, असं मला कळलं.

त्या मुलांनी पुढे फार मोठी चळवळ उभी केली, असं मात्र झालं नाही. दुसऱ्या वर्षी मेळावा झाला, तिसऱ्या वर्षी निम्मी मुलं नोकरीसाठी पुण्या-बंगळुरूला गेली. ज्या घरांत आम्ही मुक्त प्रणाली बसवून दिली, त्यांतल्या काहींनी प्रिंटर चालत नाही म्हणून ती काढून टाकली. पण माणसांनी असं एकत्र बसण्याची सवय गावात राहते, ती वेगळ्या रूपानं पुन्हा वर येते. २००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला नाशकात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले होते. २०१५ च्या सिंहस्थाआधी, जानेवारी २०१४ पासून, इथं 'कुंभथॉन' नावाची शिबिरं भरली. मूळचे नाशिकचे आणि एमआयटीत शिकवणारे रमेश रासकर त्यामागे होते. गर्दी कशी मोजायची, साथ कशी ओळखायची, यावर विद्यार्थी, डॉक्टर, अधिकारी एकत्र बसले. त्यातूनच पावलं मोजणारी चटई आली, तीही इथल्या शाळकरी मुलाच्या डोक्यातून. आमच्या मेळाव्याचा तिच्याशी काही संबंध नाही. पण प्रश्न आपल्या गावचा असेल, तर तो सोडवायला आपणच बसायचं, ही रीत तीच.

आज तुमच्या खिशात जो अँड्रॉइड फोन आहे, त्याचा गाभा लिनक्स आहे. त्यावर तुम्ही जे मराठी लिहिता ते युनिकोड आहे. नाशकात लिहिलेलं न्यूयॉर्कमध्ये उघडतं. म्हणून आता काही करायला नको असं वाटतं. पण गावोगावच्या छापखान्यांत, साहित्यसंस्थांच्या कपाटांत, दिवाळी अंकांच्या कचेऱ्यांत जुन्या फॉन्टांतल्या फाइली अजून पडून आहेत. त्यांत कुणाचा इतिहास आहे, कुणाच्या पहिल्या कथा आहेत, कुणाची वंशावळ आहे. त्यांचे तक्ते करायला पुस्तक शेजारी धरून बसणारा माणूस लागतो, आणि खान्यांची गोष्ट ज्यांना कळते ती पिढी आता थोडी उरली आहे. आमचे कंपोझिटरचाचाही आता नाहीत.

म्हणून, कुणी सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी आपल्या गावात असा मेळावा घेणार असेल, तर माझं एवढंच सांगणं. आधी कालनिर्णय पाहा. भाषण एकच ठेवा. ज्या घरातून "तिकडे कशाला?" असं विचारतील, तिथं आधी चहाला जा. आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगा, घरातली एखादी जुनी, न उघडणारी फाइल सोबत घेऊन या.

अब्बांवरच्या त्या कविता मी दुसऱ्या संग्रहात छापल्या. तिसरी पूर्ण करावी असं पुष्कळांनी सुचवलं. मी ती नऊ ओळींवरच ठेवली आहे. खाली तारीख टाकली आहे, आणि पुढची जागा कोरी सोडली आहे.